सेंत-ओदीलच्या कापलेल्या वेली

१

"सेंत-ओदीलच्या मळ्यात खून झालाय," फिलिबेर नोदँ फोनवर म्हणाला.

मी कोट अंगात घालता घालता विचारलं, "कोणाचा?"

"सगळ्यांचा," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी बाझील, वाइनचा दलाल. मळेवाला आणि व्यापारी यांच्या मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खाणं हा माझा जन्माचा धंदा. व्होर्जी गावातल्या प्रत्येक तळघराची प्रत्येक पायरी माझ्या पावलांना पाठ आहे. पण त्या रविवारी सकाळी मळ्याच्या दगडी भिंतीतून आत शिरलो, तेव्हा पाय उचलेना.

जानेवारीतलं धुकं होतं, ओल्या लोकरीसारखं अंगाला चिकटणारं. फिलिबेरच्या सहाही ओळींतल्या वेली गुडघ्याच्या खाली कापून टाकल्या होत्या. त्याच्या आजोबांनी लावलेल्या वेली, मनगटापेक्षा जाड, वाकड्यातिकड्या, काळ्या. ज्या तारांना त्या बांधल्या होत्या त्यांना अजून तशाच लोंबत होत्या. खाली नुसते बुंधे. डावीकडे गास्ताँ मोरिझोच्या ओळी जशाच्या तशा उभ्या, उजवीकडे बाकीच्यांच्याही.

फिलिबेर भिंतीला टेकून उभा होता. सत्तरी ओलांडलेला, पण खांबासारखा ताठ माणूस. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला म्हातारा दिसला.

"पोलिसांना कळवलंस?"

"क्लोतिल्द नको म्हणत होती," तो बायकोबद्दल म्हणाला. "मी कळवलं."

जवळच्या बोन शहराच्या ठाण्यावरून कॅप्टन नोल्वेन केरवेल आली. ठेंगणी, चाळिशीची, ब्रिटनीच्या समुद्रकाठची. बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. तिने पहिल्याच वाक्यात कबुली देऊन टाकली, "मला वाइनमधलं ओ का ठो कळत नाही. आमच्याकडे सफरचंदाचं पितात. तुमच्यापैकी कोणीतरी माझ्यासोबत राहा."

फिलिबेरने माझ्याकडे बोट दाखवलं. असा मी तिच्या गळ्यात पडलो, किंवा ती माझ्या.

"ही जमीन इतकी मोलाची का?" तिने विचारलं.

"वीतभर माती, खाली नुसती चुनखडी," मी म्हणालो. "मठातल्या साधूंनी भिंत घातली तेव्हा मालक एकच होता, देव. फ्रेंच राज्यक्रांतीने मठ विकून टाकला. मग दर बापाच्या मरणाबरोबर मुलांच्या वाटण्या होत गेल्या. आता या एका भिंतीच्या आत आठ मालक आहेत. भिंतीबाहेर दहा पावलांवर तीच द्राक्षं लावा, तो वारा, ते ऊन. वाइन निराळी होते. का, ते साधूंनाही सांगता आलं नाही."

ती वाकली आणि बुंधे बघत पहिल्या ओळीतून चालत गेली. सहाव्या ओळीशी थांबली. मग परत पहिलीकडे आली.

"इकडचे काप बघा. लोण्यातून सुरी गेल्यासारखे. आणि तिकडचे? दोन-दोन, तीन-तीन वेळा करवत लावलीये. लाकूड फाटलंय."

"करवत बोथट झाली असेल."

"किंवा माणूस." तिने प्रत्येक बुंध्याशेजारच्या चिखलाकडे बोट केलं. तिथे चौकोनी दाब उमटला होता, गोणपाटाच्या विणीचा. "इथे कोणीतरी घडी घातलेलं पोतं ठेवून गुडघ्यांवर बसलंय. दर वेलीपाशी. तुमच्याकडे छाटणी गुडघे टेकून करतात?"

"कंबरेतून वाकून करतात," मी म्हणालो. "म्हणून तर आम्हा सगळ्यांच्या कमरा गेल्यात."

तिने मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं.

२

नोदँच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटली होती, तरी क्लोतिल्दने कोट काढला नव्हता. शेगडीच्या अगदी कडेला खुर्ची ओढून ती बसली होती. लग्नात नाचताना जिचा आवाज अंगणाबाहेर जायचा, ती बाई. आता कोट तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता.

"काल दुपारी कुठे होतात?" कॅप्टनने दोघांना विचारलं.

काल संत व्हँसांचा सण होता, मळेवाल्यांच्या संताचा. आमचं सगळं गाव मूर्ती खांद्यावर घेऊन शेजारच्या गावी गेलं होतं. मिरवणूक, जेवण, नाच. फिलिबेर सकाळपासून दिवे लागेपर्यंत माझ्याच शेजारी बसला होता.

"मी घरी होते," क्लोतिल्द म्हणाली. "सर्दी झालीये."

"करवतीचा आवाज आला?"

"धुक्यात काही ऐकू येत नाही, मादाम. आणि हल्लीच्या बॅटरीच्या करवती मांजरासारख्या गुरगुरतात फक्त."

"तुमच्याकडे आहे तशी?"

फिलिबेर आम्हाला अंगणातल्या पडवीत घेऊन गेला. पडवीला कुलूप नव्हतं. व्होर्जीत पडवीला कुणी कुलूप घालत नाही. करवत आपल्या खिळ्यावर टांगलेली होती, पुसलेली, स्वच्छ. कॅप्टनने बटण दाबलं. करवत हलली नाही.

"शुक्रवारी रात्रभर चार्ज केली होती मी," फिलिबेर चक्रावून म्हणाला. "तेव्हापासून हात लावलेला नाही."

"म्हणजे चोराने तुमचीच करवत नेली, तुमच्याच वेली कापल्या, करवत पुसली आणि जागेवर आणून टांगली," कॅप्टन म्हणाली. "सभ्य चोर दिसतोय."

आम्ही परत आत आलो. शेजारच्या खोलीत फोन वाजला आणि क्लोतिल्द उठून गेली. न्यूझीलंडहून मुलीचा, आलिक्सचा फोन होता. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. फिलिबेर बोलत होता, आजोबांबद्दल, युद्धात जर्मनांपासून लपवायला तळघरात बांधलेल्या खोट्या भिंतीबद्दल. त्याच्या पाठीमागे कॉफीसाठी ठेवलेलं दूध करपायला लागलं. वास नाकात झोंबत होता. शेवटी कॅप्टननेच उठून भांडं खाली उतरवलं.

"काय झालं?" फिलिबेरने विचारलं.

"दूध."

"असं," तो म्हणाला आणि पुन्हा आजोबांकडे वळला.

मग त्याने पाहुणचार म्हणून बाटली उघडली. आलिक्सच्या जन्मवर्षाची. पेला गोल फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. "हे वर्ष!" तो म्हणाला. "असं वर्ष पुन्हा झालं नाही."

मी पेला उचलला आणि तसाच धरून राहिलो. ओल्या पुठ्ठ्याचा, फडक्याचा वास. बूच सडलं होतं. फिलिबेर नोदँ सडकं बूच तीन खोल्यांपलीकडून ओळखायचा. पण ज्याचा अख्खा मळा मेलाय, त्याचं नाक तरी कुठे ठिकाणावर असणार, असं मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात क्लोतिल्द आली. तिने नवऱ्याच्या कोपराला हात लावला, त्याच्या हातातला पेला अलगद काढून घेतला, आमचेही उचलले.

"ही बाटली नको रे. आलिक्स येईल तेव्हासाठी ठेवली होती ना आपण." आणि तिने सगळं मोरीत ओतून टाकलं. उरलेली बाटलीसुद्धा.

"आलिक्स परत येणार आहे?" कॅप्टनने विचारलं.

"तिला इथे काय काम?" फिलिबेर म्हणाला. "पिंपं आंबत असताना नोदँच्या तळघरात बाईने उतरायचं नाही. माझ्या बापाचा नियम, त्याच्या बापाचा नियम. नाहीतर वाइन फिरते, नासते."

"म्हणून ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वाइन करते," क्लोतिल्द शेगडीकडे बघत म्हणाली. "तिकडे फिरत नाही म्हणे."

बाहेर पडल्यावर कॅप्टन म्हणाली, "तुमच्या मित्राचं कुणाशी वैर आहे का?"

मला नाव घ्यायची गरज पडली नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या चार जणांनी ते आधीच घेतलं होतं.

३

गास्ताँ मोरिझो आपल्या तबेल्यात घोडीला खरारा करत होता. सेंत-ओदीलमध्ये अजून घोड्याने नांगरणारा तो एकटाच. ट्रॅक्टरने माती दाबली जाते म्हणायचा. घोडीचं नाव बिश. बायको गेल्यापासून तो माणसांपेक्षा तिच्याशीच जास्त बोलायचा.

"आलात?" तो न वळताच म्हणाला. "या. बेड्या आणल्यात की बाझीलच्या मफलरने बांधणार?"

फिलिबेर आणि तो हद्दीच्या दगडावरून वीस वर्षं भांडत होते. दगड हातभर सरकलाय असं दोघांचंही म्हणणं होतं, फक्त उलट दिशांनी. आणि सणाच्या जेवणात, सगळ्या गावासमोर, गास्ताँ ओरडला होता की नोदँच्या वेली एकेक करून तोडायला हव्यात. मग टोपी घेऊन तरातरा निघून गेला होता.

"कुठे गेलात?" कॅप्टनने विचारलं.

"घरी. झोपलो. साक्षीदार ही." त्याने घोडीच्या मानेवर थाप मारली. "मला इतकी चढली होती मादाम, मी वेली कापायला गेलो असतो तर माझ्याच कापून आलो असतो."

"गुडघ्यांवर बसून कापल्यात."

"माझा उजवा गुडघा वाकत नाही. बाझीलला विचारा, चर्चमध्ये मी उभाच असतो. पाद्री समजतो मी नास्तिक आहे."

कॅप्टनला हसू आलं. मग ती म्हणाली, "बुंधे जमिनीपासून एवढे ठेवलेत." तिने हाताने माप दाखवलं.

गास्ताँचा खरारा थांबला. "कलमाच्या वर?"

"म्हणजे?"

"वेलीचं मूळ अमेरिकन असतं, वरचा भाग आपला. जोड मातीला लागून, तिथे गाठ दिसते. सगळ्या गाठीच्या वर कापल्यात?"

"सगळ्या," मी म्हणालो. मी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

"मग हा शत्रू नव्हे," गास्ताँ हळूच म्हणाला. "हा न्हावी आहे. शत्रू गाठीखाली करवत घालेल, म्हणजे संपलं. गाठीच्या वर कापलेली जुनी वेल बहुतेक वेळा पुन्हा फुटते. दोन-तीन वर्षं पीक नाही, मग पहिल्यासारखी. मी जर फिलिबेरच्या वेली मारायच्या म्हटल्या ना, तर मारल्याच असत्या. अर्धवट काम करणारा नाही मी."

संशय घेण्याजोगा दुसरा माणूस होता द सेरिन्याक. पॅरिसच्या एका विमा कंपनीसाठी मळे विकत घेत फिरणारा, चकचकीत बुटांचा. फिलिबेरने त्याला दोनदा दारातून घालवलं होतं. कॅप्टनने त्याला बोनच्या हॉटेलात गाठलं. तो म्हणाला, "मादाम, आमच्या साहेबांना पाहुण्यांना दाखवायला जुन्या वेली हव्यात. बुंधे दाखवून काय करायचं? काल रात्रीच त्यांनी मला फोन करून दुसरं गाव बघायला सांगितलंय." शनिवारचा अख्खा दिवस तो हॉटेलच्या दिवाणखान्यात दोन वकिलांबरोबर बसला होता. दोघांनीही ते सांगितलं.

गावाला हे ऐकायचंच नव्हतं. गावाने निकाल देऊन टाकला होता. कॅफेत गास्ताँ आला की बाकीचे पेले ठेवून उठायचे. पाववाली त्याचा पाव टेबलावर आपटायची. मंगळवारी त्याच्या दारावर लाल रंगाने लिहिलेलं सापडलं: मारेकरी.

"पुसून टाक," मी त्याला म्हटलं.

"राहू दे. ज्याने लिहिलं त्याला रोज जाता-येता वाचू दे."

बुधवारी सकाळी जाग आली ती धुराच्या वासाने. गास्ताँचा तबेला जळून खाली बसला होता.

४

तो उलट्या बादलीवर बसला होता. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या. समोर अर्धवट जळलेल्या तुळयांखाली ताडपत्री टाकली होती आणि ताडपत्रीखाली घोडी.

"कडी तापली होती, बाझील," तो म्हणाला. "धरवेना. ती आत ओरडत होती. घोडी अशी ओरडते हे मला माहीत नव्हतं."

आसपास वीस-पंचवीस माणसं उभी होती. सगळे बुटांकडे बघत होते. कॅप्टन एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत फिरत होती आणि एकेक चेहरा दुसरीकडे वळत होता.

क्लोतिल्द आली ती रस्त्याच्या मधून, डोक्याला काही न बांधता. तिने ताडपत्री पाहिली. गास्ताँचे हात पाहिले.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

माणसं एकमेकांच्या मागे सरकली.

"मी विचारतेय, कोणी केलं? का केलं?"

"तुमच्यासाठीच केलं असेल कुणीतरी," मागून एक आवाज आला. वळून बघेपर्यंत त्या आवाजाला तोंड उरलं नव्हतं.

गास्ताँची टोपी चिखलात पडली होती. क्लोतिल्द ती उचलायला गेली. ती वाकली नाही. आधी एक हात बादलीवर टेकवला, मग एक गुडघा, मग दुसरा, आणि टोपी उचलून तिथेच बसून राहिली. मी तिला उठवलं. द्राक्षांची रिकामी टोपली उचलावी इतकंच वजन होतं.

मान वर केली तर कॅप्टन आमच्याकडेच बघत होती. त्या नजरेत कसलाही विजय नव्हता.

"तुमच्या घरी नोदँची वाइन असेल," ती मला म्हणाली. "जुनी आणि नवी. मला चाखायचीये."

"आत्ता?"

"आत्ताच."

मी दोन बाटल्या उघडल्या. एक पाच वर्षांपूर्वीची, एक मागच्या वर्षी भरलेली. तिने पहिल्या पेल्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दगड चाटल्यासारखं वाटतं. कडक. एक शब्द जास्त बोलायचा नाही असा माणूस." मग दुसऱ्याचा घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. "आणि ही तर जवळ बसवून घेते. बाझील, मला काही कळत नाही, पण ही दोन वेगळी माणसं आहेत."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. तेच तर आम्ही सगळे दोन वर्षं म्हणत होतो. गेल्या दोन हंगामांत नोदँची वाइन मऊ झाली, मधाकडे झुकली. म्हातारपणाने फिलिबेरला वळण लावलं, असं म्हणून व्यापारी खूश होते.

"दोन वर्षांपूर्वी त्यांना काय झालं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. म्हणजे, पिंपांच्या शिडीवरून पडला होता. डोक्याच्या मागे मार. आठवडाभर दवाखान्यात होता. पण बरा झाला."

"सगळा बरा नाही झाला," कॅप्टन म्हणाली.

५

"दूध जळत होतं आणि त्यांना कळलं नाही," ती पुढे म्हणाली. "ते तुम्ही दुःखावर ढकललंत, मीही ढकललं. त्या बाटलीत काहीतरी गडबड होती, हे मला तुमच्या तोंडावरून कळलं. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. डोक्याला मार बसून वास येणं थांबतं. मी अशी माणसं पाहिलीत. चवही बरीचशी त्याच्याबरोबर जाते."

"पण मग ही वाइन..." आणि मला आठवलं. गेली दोन वर्षं मी नमुने चाखायला गेलो की क्लोतिल्द येऊन नवऱ्याशेजारी उभी राहायची. आधी आपण एक घोट घ्यायची, मग त्याच्या कोपराला हात लावायची. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, अशी आम्ही दलाल आपसांत थट्टा करायचो.

"करवत जागेवर टांगणारा माणूस घरातलाच," कॅप्टन म्हणाली. "फिलिबेर तुमच्याजवळ होते. ज्याला वेली मारायच्या नव्हत्या, ज्याला वाकता येत नव्हतं, आणि सहाव्या ओळीपर्यंत ज्याच्या हातात जीव उरला नव्हता, असं घरात एकच माणूस आहे. का केलं ते मात्र मला कळत नाही. चला."

फिलिबेर मळ्यात होता. क्लोतिल्दने आम्हाला बघितलं आणि स्वतःहून खुर्ची पुढे केली.

"बरं झालं आलात. मीच येणार होते. कोटाची बटणं लावायला वेळ लागतो हल्ली."

"डॉक्टर काय म्हणतात?" कॅप्टनने विचारलं.

"यंदाची तोडणी बघणार नाही म्हणतात." तिने हे असं सांगितलं जसं कुणी उद्या पाव आणायचा नाही सांगावं. "त्याला अजून ठाऊक नाही. सर्दी समजतो. त्याला वास नाही, मला आयुष्य नाही, आणि दोघं एकमेकांना सांगत नाही. छान संसार आहे ना?"

"त्याचा वास गेलाय हे त्याने तुला कधी सांगितलंच नाही?" मी विचारलं.

"कधीच नाही. दवाखान्यातून आला आणि पहिल्या दिवशी पिंपाशी जाऊन उभा राहिला. मी सूप घेऊन खाली गेले होते. त्याने पेला नाकाला लावला आणि बाझील, त्याचा चेहरा... आपलं मूल ओळखू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी पेला घेतला, प्यायले, म्हटलं, अजून आठवडाभर थांबायला हवं, नाही का रे? तो म्हणाला, हो, मीही तेच म्हणणार होतो. त्या दिवसापासून मी खाली उतरत राहिले. आंबण्याच्या दिवसांतसुद्धा. नियमाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही."

"आणि तुमच्यानंतर?" कॅप्टनने विचारलं.

"तेच ना. सप्टेंबरात द्राक्षं येणार आणि हा एकटा. कुणाला विचारणार नाही, मरेल पण विचारणार नाही. वाइन बिघडवेल आणि बाटलीवर सेंत-ओदील लिहून विकेल. मग गाव हसेल, बाहेरचं जग हसेल." ती दम घ्यायला थांबली. "आलिक्सला आत्ता बोलावलं तर तो तिला फाटकातून परत पाठवेल. मला वाटलं, दोन-तीन वर्षं पीकच आलं नाही तर? लोक म्हणतील बिचाऱ्याच्या वेली कुणी कापल्या. बिचारा म्हणतील, नालायक नाही म्हणणार. रिकामी पिंपं बघून बघून तो नरम पडेल. तोवर वेली फुटतील आणि मुलगी घरी येईल."

"आणि गास्ताँ?"

क्लोतिल्दने दोन्ही हात तोंडावर घेतले. "त्याचं नाव माझ्या स्वप्नातही नव्हतं. गाव आठवडाभर कुजबुजेल आणि विसरेल, असं वाटलं होतं. घोडी कशी ओरडली ते सांगत होता ना तो..."

कॅप्टनने वही मिटली. मग म्हणाली, "हे गावासमोर सांगावं लागेल."

"सांगेन. पण कारण माझ्या मनचं सांगेन. त्याचं नाक माझ्या तोंडून जाणार नाही. तेवढं मला द्या."

६

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे कॅफेत जमतात. कॅप्टनने गास्ताँला हाताला धरून आणलं होतं. तो दाराशी उभा राहिला, आत येईना. फिलिबेर खिडकीजवळ आपल्या नेहमीच्या जागी होता.

क्लोतिल्द गल्ल्याला टेकून उभी राहिली.

"सेंत-ओदीलमधल्या वेली मी कापल्या," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण कपबशी ठेवल्याचाही आवाज येत नव्हता. "गास्ताँचा काही संबंध नाही. चाळीस वर्षं या माणसाने मला तळघराच्या दारात उभी केली, मुलीला देशोधडीला लावलं. माझा राग होता. तो मी वेलींवर काढला."

"डोकं फिरलंय बाईचं," कुणीतरी म्हणालं.

"आजोबांच्या वेली!" पाववाली ओरडली. "लाज नाही वाटली?"

क्लोतिल्दने खाली मान घातली. तिला तेच हवं होतं. शिव्या तिच्या अंगावर पडत होत्या आणि ती उभी होती, पावसात छत्री उघडून दुसऱ्यावर धरावी तशी.

फिलिबेर उठला. खुर्ची मागे पडली ती त्याने उचलली नाही. तो बायकोपर्यंत आला आणि तिच्या सैल कोटाकडे, बाहीतून बाहेर आलेल्या मनगटाकडे असा बघत राहिला जसं ते पहिल्यांदाच दिसतंय. मला वाटतं त्या क्षणी त्याला सगळंच कळलं. सर्दी नाही हेसुद्धा.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला.

"फिलिबेर, बस खाली," क्लोतिल्द पुटपुटली.

"चाळीस वर्षं बसलोच होतो." तो लोकांकडे वळला. "मला वास येत नाही. शिडीवरून पडलो तेव्हापासून. कॉफी आणि नाल्याचं पाणी मला सारखंच. गेली दोन वर्षं तुम्ही ज्या वाइनसाठी माझी पाठ थोपटता ना, ती हिची आहे. सगळी हिची. तोडणीचा दिवस हिने ठरवला, पिंपं हिने निवडली. मी नुसता शेजारी उभा होतो." त्याने दाराशी उभ्या गास्ताँकडे बोट केलं. "हिने माझी अब्रू झाकायला माझ्या वेली कापल्या, आणि तुम्ही माझ्या नावाने याची घोडी जाळलीत."

तो गास्ताँकडे गेला. दोघं वीस वर्षांनी इतके जवळ उभे राहिले होते. फिलिबेरने त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हातांखाली आपले तळवे धरले.

गास्ताँने हात काढून घेतले. रागाने नाही, दुखत होतं म्हणून. मग म्हणाला, "तिला घरी ने. उभं राहवत नाहीये तिला."

आलिक्स मार्चमध्ये आली. बाप तिला स्टेशनवर घ्यायला गेला होता आणि तिथून थेट तळघरात घेऊन गेला, असं ऐकलं. मे महिन्यात क्लोतिल्द गेली. डॉक्टरांनी दिलेली मुदतसुद्धा तिला पुरती मिळाली नाही. शवपेटीला खांदा द्यायला गास्ताँ पुढे झाला. हातांची पकड गेली होती, म्हणून त्याने ती मनगटांवर धरली.

वेलींची तक्रार फिलिबेरने मागे घेतली. आगीची फाइल मात्र उघडीच राहिली. कॅप्टनने घराघरात जाऊन विचारलं. त्या रात्री व्होर्जीत सगळे गाढ झोपलेले होते, कुणाला धुराचा वास आला नाही, कुणाला घोडी ऐकू आली नाही. शेवटी तिची बदली झाली. जाण्याआधी ती माझ्याकडे आली होती.

"वेलींचं कोडं सोपं होतं," ती म्हणाली. "तिथे एकच माणूस होता आणि त्याला कारण होतं. आगीला अख्खं गाव होतं. तुम्ही इथले. तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

गास्ताँ आता भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरतो आणि कॅफेत पाऊल टाकत नाही. मी टाकतो. दुसरीकडे जाणार कुठे? आत शिरलो की आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाशी हात मिळवतो, पाववाल्याशी, मेयरशी, शाळेतल्या जुन्या सोबत्यांशी. कोरडे, घट्टे पडलेले, ओळखीचे हात. प्रत्येक हात मी हल्ली क्षणभर जास्त धरून ठेवतो. समोरचा हसून विचारतो, "काय बाझील, बरं आहे ना?"

"बरं आहे," मी म्हणतो आणि पुढच्या हाताकडे वळतो.